कानाडोळा

नोव्हेंबरात सूर्य गेला की फेब्रुवारीपर्यंत
उपेर्नाविकच्या उत्तरेच्या या वस्तीत
दिवस उगवतो तो माझ्या हातातल्या दिव्यापुरता:
पिवळसर, बोटाच्या पेराएवढा,
गारठ्यानं बॅटरी बसली की खोकणारा.

बेन्तेबाईंनी शिकवलं होतं:
पाळी वर आणि मागे ओढ,
अगदी तान्हं असेल तर खाली.
घाई करू नकोस.
निरोगी पडदा मोतिया राखाडी असतो,
त्यावर उजेडाचं एक त्रिकोणी चिरगूट पडतं,
उजव्या कानात पाचच्या काट्यावर,
डाव्यात सातच्या.
नसेल, तर का नाही ते विचार.

अख्ख्या हिवाळ्यात
मला खरी वेळ तिथंच कळते.

मंगळवारी मालेराक आला, सात वर्षांचा.
उजव्या कानात पाच वाजलेच नव्हते.
पडद्याच्या मधोमध भोक,
सीलच्या कातड्याला आरीनं पाडावं तसं,
कडा जाड, जुन्या. वास.
आई म्हणाली, वाहतातच की कान.
सगळ्यांचेच वाहतात. माझेही वाहायचे.

पुस्तकात लाल पडद्याचं चित्र आहे,
फुगलेल्या पडद्याचं आहे,
पडद्यामागं साचलेल्या पाण्याच्या बुडबुड्यांचंही आहे.
'सगळ्यांचंच असतं'
याचं चित्र कुठल्याच पानावर नाही.

बाई म्हणतात पोरगं हट्टी आहे,
या कानानं ऐकतं, त्या कानानं सोडतं.
तो सोडत नव्हता हो.
त्या कानापर्यंत काही पोचतच नव्हतं.

मग इनालुक.
अडीच वर्षांची, सर्दीसाठी आणलेली,
डोळ्यांबद्दल कुणी चकार शब्द काढलेला नव्हता.
खोली अंधारी करावी लागली नाही,
नुसता दिवा मालवला, खिडकीनं बाकीचं केलं.
मांडीवर तिची लोकरीची बाहुली,
आणि डोळ्यांत दोन.
हातभर अंतरावरून मी उजेड टाकला.
उजव्या बाहुलीत निखारा फुलला, हवा तसा.
डाव्या बाहुलीत
पांढरं.

पुन्हा पाहिलं. कोन बदलून पाहिलं.
माझ्याच हाताला दोष देऊन पाहिला.
पांढरं.

आईनं कौतुकानं फोन पुढं केला,
वाढदिवसाचा फोटो, केक, मेणबत्त्या,
एक डोळा लाल आणि एक चमकता.
बघा, म्हणाली, हिच्या एकाच डोळ्यात चांदणी येते.

नऊ वर्षांपूर्वी अशीच एक चांदणी
मी पाहिली होती, किंवा पाहिली नव्हती.
पोर रडत होतं, बॅटरी मंद होती,
बाहेर हेलिकॉप्टरचा पंखा फिरायला लागला होता.
कार्डावर मी लिहिलं: विशेष काही नाही.
अक्षर चांगलं आलं होतं.
त्या पोराचा एक डोळा आता काचेचा आहे.
आसियातच्या धक्क्यावर भेटतो,
लांबूनच ओळखतो, हात करतो.
मला तेवढंच सहन होत नाही.

म्हणून आज उपेर्नाविकला फोन लावला.
लाइनवर वाऱ्याची खरखर,
डॉक्टर म्हणाले, काय? पुन्हा सांगा.
पुन्हा सांगितलं: डावा. डावा डोळा. पांढरा.
वारा पडला तर गुरुवारी उड्डाण आहे,
मालेराकलाही त्याच खेपेत बसवा म्हटलं,
हो, कान. हो, फक्त कान. फक्त म्हणू नका.

इथे 'हो' म्हणायला भुवया उचलतात
आणि 'नाही' म्हणायला नाक आक्रसतात,
तोंड उघडून थंडी आत कशाला घ्यायची?
आणखी एकदा बघू का, इनालुकला विचारलं,
तिनं नाक आक्रसलं आणि बाहुली चेहऱ्यावर धरली.

आईनं विचारलं, साधंच आहे ना?

मी दिवा लावला.
माझ्या भुवया जागच्या हलल्या नाहीत.
ती थोडी पुढं झुकली,
आणि माझा चेहरा तपासू लागली,
आधी एका बाजूनं, मग दुसऱ्या,
घाई न करता.